तिसऱ्या नळीचं वरचं टोक

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी चष्मा शोधला असशील आणि मग कोण गेलं या धास्तीने पाकीट फोडलं असशील. कोणीही गेलेलं नाही. तुझ्या भावजयीची पाठ दुखते, पण ती कुंड्या उचलायची थांबत नाही, म्हणजे ठीकच चाललंय. मीच एका गोष्टीने मुळापासून हललो आहे आणि ती सांगायला फोन पुरणार नाही. आपले फोन कसे असतात तुला ठाऊक आहे. भाऊजींचा गुडघा, माझी साखर, भाचीच्या परीक्षा, आणि मग तुझं ते "बरं, ठेवते." तेहतीस वर्षं आपण भावाबहिणीसारखं व्यवस्थित बोललो. आजारपणं, लग्नं, आईचं शेवटचं वर्ष, कशातच कमी पडलो नाही. फक्त एका होडीत बसून काम केलेल्या दोन माणसांसारखं त्यानंतर कधी बोललो नाही. तू ते दार लावून घेतलंस आणि मी बाहेरून कडी घातली, असं काहीतरी झालं.

तू बरोबर होतीस. तिसरी नळी उलटी होती.

हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, नाहीतर मी पेपर लिहितो तसं करेन. आधी प्रस्तावना, मग पूर्वीच्या लोकांनी काय काय केलं, मग पद्धत, आणि खरं काय ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तेही "असे सुचवता येईल" म्हणून. तूच हसायचीस माझ्या या सवयीला. म्हणायचीस, ढेकळ्या, तुझा पेपर म्हणजे पाहुण्याला तासभर ओट्यावर बसवून मग सांगणं की घरात कोणी नाही.

आता हे कळलं कसं, ते ऐक. आमचं शीतगृह बंद होणार आहे. यंत्र जुनं झालं, भिंतींना ओल आली, आणि वरच्यांनी ठरवलं की सगळ्या नळ्या नव्या इमारतीत न्यायच्या. अकराशे नळ्या, प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या तळ्याच्या तळाचा मीटरभर गाळ. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला याद्या करायला देतात. माझ्याबरोबर एक नवी संशोधक दिली आहे. तिला मी मनातल्या मनात काबाई म्हणतो, कारण तिचं प्रत्येक वाक्य "का" ने सुरू होतं. का ही नळी आडवी ठेवलीय? का हिच्यावर दोन क्रमांक आहेत? पहिल्या आठवड्यात मी वैतागलो, दुसऱ्या आठवड्यात मला तिची सवय झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की असं विचारणारं माणूस या इमारतीत पूर्वी एकच होतं.

आपल्या तळ्याच्या पाच नळ्या, एकाच जागी एकाखाली एक खोल जात काढलेल्या, सर्वांत वरची पहिली, मागच्या फळीवर होत्या. तुझ्याच शिस्तीप्रमाणे प्रत्येक नळी तारेने उभी चिरलेली, एक अर्धी कामाची आणि दुसरी ठेवणीतली. कामाच्या अर्ध्या आपण खरवडून, चाळून, जाळून संपवल्या. ठेवणीतल्या अर्ध्यांना तू कोणालाच हात लावू दिला नव्हतास. तेव्हा म्हणाली होतीस की आपल्याला आज जे विचारायला सुचत नाही ते उद्या कोणाला तरी सुचेल, त्याच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवा. तुझ्या पाठीमागेही तो दंडक कोणी मोडला नाही. प्लॅस्टिकचं वेष्टण तुझ्या हातचं, गाठसुद्धा तुझीच, ती डावखुरी उलटी गाठ. काबाईने विचारलं, इतक्या वर्षांत ही कोणी उघडलीच नाही का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, का?

तिसऱ्या नळीचा ठेवणीतला अर्धा आतून वाळून तडकला आहे का, हे न उघडता बघायचं होतं. त्यासाठी हल्ली सीटीस्कॅन करतात, माणसांचा करतात तसाच. पण माणसांच्या इस्पितळाने चिखल आत घ्यायला साफ नकार दिला. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातले एक डॉक्टर तयार झाले, बुधवारी सकाळी, कुत्र्यामांजरांची गर्दी व्हायच्या आत. तिथे एक फॉर्म भरावा लागतो. काबाईने गंभीर चेहऱ्याने भरला. पेशंटचं नाव: नळी क्रमांक तीन. जात: गाळ. वय: चार हजारांच्या आसपास. मालक म्हणून माझं नाव. आम्ही बाकावर नळी मांडीवर घेऊन बसलो होतो, शेजारी पायाला प्लॅस्टर घातलेला एक कुत्रा, आणि पलीकडे टोपलीत मांजर घेऊन आलेल्या बाई. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "काय झालंय त्यांना?" मी म्हटलं, तेच बघायला आलोय.

डॉक्टर उत्साही निघाले. पडद्यावर एकेक चित्र सरकवत होते, आणि ताई, मला वाटलं तू इथे हवी होतीस. तो गाळ आपण डोळ्यांनी बघितला तेव्हा नुसता करडा लगदा होता, एकसारखा, कंटाळवाणा. त्या पडद्यावर त्याला रेघा होत्या. शेकडो, वहीच्या पानांसारख्या, एकावर एक. वर्षामागून वर्ष बसलेला गाळ, आणि आपल्याला त्यातलं काही दिसलंच नव्हतं. एवढ्यात डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "तुमच्या पेशंटला खडा आहे."

वाटाण्याएवढा. चिरलेल्या बाजूपासून दोन बोटं आत, म्हणून तारेला लागला नाही आणि कोणाला दिसला नाही. मी त्यांना मोठ्या प्रेमाने समजावू लागलो, शिकवायची खोड जात नाही. म्हटलं, बघा, असा खडा पाण्यात पडतो, तळाच्या मऊ गाळावर आपटतो, त्याच्या खालचे थर दबून वाकतात. पुढे वर्षानुवर्षं वरून नवा गाळ बसतो आणि तो खड्यावर पांघरुणासारखा पसरतो. खाली खळगा, वर उंचवटा. डॉक्टरांनी मान डोलावली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मग इथे खळगा वर का आहे?" मी पुढे वाकलो. खळगा वर होता. खड्याच्या वरच्या रेघा दबलेल्या, खालच्या फुगलेल्या. डॉक्टर सहज म्हणाले की आमच्याकडे असं विचित्र दिसलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, जनावर उताणं ठेवलंय की पालथं. काबाईने नळीवरच्या बाणावर बोट ठेवलं. बाण ठसठशीत होता.

डॉक्टरांना आपण काय बोललो हे कळलं नव्हतं. ते आपल्या धुंदीत सांगत राहिले की त्यांच्या एका सहकाऱ्याने पूर्वी कुत्र्याचा चांगला पाय कापायला घेतला होता, नर्सने ओरडून थांबवलं म्हणून वाचला. तेव्हापासून त्यांच्याकडे नियम आहे, जनावर पिंजऱ्यातून उचलायच्या आधी खूण करायची. उचलल्यावर नाही, टेबलावर ठेवल्यावर नाही. एकदा जागचं हललं की कोणाच्याही आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही. मी म्हटलं, चांगला नियम आहे. तिथल्याच एखाद्या पिंजऱ्यात जाऊन बसावंसं वाटत होतं.

ती होडी तुला आठवते का? होडी कसली, दोन होड्यांना फळ्या बांधलेलं ते धूड, मधे चौकोनी भोक. तू तेहतीस वर्षांची, मी सव्वीस वर्षांचा, आणि किनाऱ्यावर छत्रीखाली आपले दोघांचे मार्गदर्शक, सर. तू दोर आणि नांगर सांभाळत होतीस, कारण वारा तुला कळायचा. मी नळी आत ठोकायची, वर ओढायची, टोपणं लावायची आणि बाण काढायचा. खालच्या टोकाला लाल टोपण, वरच्याला काळं, आणि बाजूला वरच्या दिशेने बाण. इतकं सोपं की तू मला एकदाच सांगितलं होतंस. दुपारी वारा सुटला, पाणी फळ्यांवर यायला लागलं, आणि तू ओरडून सांगत होतीस की आटप, आटप. तरी आपण पाचही काढल्या. परत येताना तू कुडकुडत होतीस आणि गात होतीस, दोन्ही एकदम. मला त्या दिवशी वाटलं होतं की हेच काम मी जन्मभर करणार, आणि तुझ्याबरोबर करणार.

मग आठ महिन्यांनी कार्बनच्या तारखा आल्या, कुठला थर किती जुना ते सांगणाऱ्या. चार सरळ आणि एक वाकडी. तिसऱ्या नळीतला खालचा नमुना वरच्यापेक्षा तीनशे वर्षांनी तरुण. आता यात आपल्या धंद्याची एक गंमत आहे, बाहेरच्यांना सांगायची लाज वाटते. खालचं जुनं आणि वरचं नवं हे आपलं पहिलं आणि शेवटचं सूत्र, आणि तारीख त्याच्या विरुद्ध आली की आपण तारखेलाच खोटं ठरवतो. एखादं मूळ खाली उतरलं असेल, कोणाचा हात लागला असेल, नमुना खराब. खाली बारीक अक्षरात लिहायचं, "एक तारीख वगळली आहे." सगळेच वगळतात. सरांनीही वगळली. तू तेवढी अडून बसलीस. म्हणालीस, पाच तारखांपैकी जी आपल्याला आवडत नाही तीच नेमकी खराब कशी निघते? तारखेला कशाला विचारता, नळीला विचारा.

सरांच्या खोलीतली ती सकाळ मी विसरलेलो नाही. खिडकीशी फाइलींचा ढीग, त्यांचं ते करकरणारं फिरतं स्टूल, टेबलावर पेपरचा मसुदा आणि त्यावर तीन नावं, पहिलं तुझं. तुझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्याच नळ्यांवर उभी होती. तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, तिसऱ्या नळीवर बाण कोणी काढला आणि कधी काढला. मी सांगितलं, मी काढला, होडीतच काढला. तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरं." दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर तुझी एका ओळीची चिठ्ठी होती, की या पेपरावर माझं नाव नको. प्रबंध अर्धाच राहिला आणि तू शाळेत भूगोल शिकवायला गेलीस. मला तुझा भयंकर राग आला होता. सगळ्यांना सांगत फिरलो की ताईचा हेका, एका तारखेपायी करिअर घालवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आणि पेपर चालला, ताई, काय चालला. तू वर्गात शिकवलाही असशील, पाठ्यपुस्तकात आहे, नकाशासकट. चार हजार वर्षांपूर्वी तळ्याकाठी माणसं शेती करत होती, मग दुष्काळ पडला, तळं आटलं, माणसं गेली, तीनशे वर्षांनी परत आली. तिसऱ्या नळीत खाली धान्याचे परागकण होते, मग मिठाचा पांढरा थर, मग धान्य गायब, मग वरच्या नळीत पुन्हा धान्य. कशी गोळीबंद गोष्ट. मी त्यावर किती भाषणं दिली याची मोजदाद नाही. शेवटची स्लाइड नेहमी तीच, सुकलेलं तळं आणि दूर जाणारी पावलं. लोक हळहळायचे. मीही हळहळायचो, दर वेळी नव्याने.

आता नळी सरळ कर आणि बघ काय होतं. मी गेले चार महिने दुसरं काही केलेलं नाही आणि इतकी मजा मला त्या होडीनंतर आली नव्हती, हे कबूल करतो. खाली धान्य नाहीच. कोणी शेती करत नव्हतं. मग पांढरा थर, तळं आटलं. आणि त्याच्या वर धान्य सुरू होतं. तळं आटल्यामुळे माणसं गेली नाहीत, आली. पाणी मागे हटलं तशी काठची काळी ओली जमीन उघडी पडली असणार, आणि कोणीतरी ती बघून तिथे बी टाकलं. आणि मग दुसऱ्या नळीतही धान्य, पहिल्या नळीतही धान्य. परत कुठून येतील? ते कधी गेलेच नव्हते. मी एकतीस वर्षं ज्यांच्या जाण्यावर भाषणं ठोकली ती माणसं तिथेच आपापली शेतं करत होती.

एका खड्यावर विसंबलो नाही, काळजी करू नकोस. ठेवणीतल्या अर्ध्यातून, तुझी मनोमन परवानगी मागून, सहा नवे नमुने काढले आणि तारखांना पाठवले. सहाही ओळीने आले. मग तुझी ती वगळलेली तारीख त्यांच्यात नेऊन ठेवली आणि ती आपल्या जागी अशी बसली की काबाईने टाळी वाजवली. चौथ्या नळीच्या वरच्या टोकाला तीन बारीक पांढऱ्या रेघा आहेत. त्या तिसरीच्या खालच्या टोकाला कधी जुळल्या नव्हत्या, म्हणून आपण लिहिलं होतं की मधला थोडा गाळ निसटला असावा. त्या जुळल्या. फक्त आपण ज्याला वरचं टोक म्हणत होतो त्याच्याशी. काही निसटलं नव्हतं.

खड्याचं कोडं मात्र सुटत नाही. तळ्याच्या मधोमध, काठापासून एवढ्या लांब, वाटाण्याएवढा खडा येतो कसा? वाहत आलेल्या झाडाच्या मुळात अडकून आला असेल, असं मी पेपरात लिहिलंय, कारण तसंच लिहायचं असतं. पण खडा धान्य सुरू झाल्यानंतरच्या थरात आहे आणि एका बाजूने चपटा आहे. काठावर माणसं होती, म्हणजे पोरं होती, आणि पोरं असली की चपटा खडा पाण्यावरून किती उड्या मारत जातो हे बघणार. तुझा सात उड्यांचा विक्रम मी कधी मोडू शकलो नाही. मधोमध कोणी पोहोचवू शकेल असं नाही, हे मलाही कळतं, पण होडीतून टाकला असेल तर? हे सगळं लिहायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही. काबाईला सांगितलं तर ती "का" विचारेल.

सर चार वर्षांपूर्वी गेले, तुला कळवलं होतं. एक सांगायचं राहिलं. शेवटच्या महिन्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांना माझं नाव धड आठवत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीला त्या तारखेबद्दल नेमकं काय म्हणायचं होतं रे?" मी म्हटलं, विशेष काही नाही सर. मूग गिळायची सवय लागली की माणूस मरणाऱ्याच्या उशाशीही गिळतो.

आणि आईचं कपाट. तू साड्या नेल्यास, कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आला होता, आणि मी तो दोन वर्षं उघडला नव्हता. गेल्या महिन्यात उघडला. त्यात पेपरची छापील प्रत होती, मी तिला पहिल्यांदा आणून दिलेली. त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं, नावं तेवढी वाचता यायची. पहिल्या पानावर, सरांच्या आणि माझ्या नावाच्या आधी जी थोडी कोरी जागा होती, तिथे तिने पेन्सिलीने तुझं नाव लिहिलं होतं. छापणारे विसरले असतील असं तिला वाटलं असावं. आपल्याला कधी बोलली नाही. मी ते पान हातात घेऊन जमिनीवरच बसलो. तुझी भावजय चहा घेऊन आली, तिने बघितलं, आणि कप ठेवून गेली.

म्हणून मी संपादकांना कळवलं. विभागातल्या दोघातिघांनी मला बाजूला घेऊन समजावलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, वर्षभरात निवृत्त होतोस, तुझ्यामागे कोणी काय ते शोधेल. भावजयीला विचारलं तर म्हणाली, "इतकी वर्षं काय झोपला होतात?" तिच्या भाषेत हा होकार असतो. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. दुरुस्ती पुरणार नाही, जुना पेपर मागे घ्या, नवा लिहा, तपासून छापू. म्हणजे माझ्या नावावरचं जे एकमेव काम लोकांना माहीत आहे त्यावर आडवा शिक्का बसणार. एक पुरस्कार परत करावा लागणार होता, तो मी आधीच स्वतःहून केला. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग तिसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या रेघा पुन्हा बघत बसलो आणि भूक लागली.

हल्ली पेपरबरोबर एक तक्ता द्यावा लागतो, कोणी काय केलं याचा. आपल्या वेळी हे असतं तर बरं झालं असतं. नमुने कोणी काढले, तपासले कोणी, लिहिलं कोणी. मी भरला. मूळ शंका कोणाची, या रकान्यात तुझं नाव आहे. ठेवणीतला अर्धा जपला कोणी, तिथेही तुझं. काबाईची कामं तिच्यापुढे, माझी माझ्यापुढे. जनावरांच्या डॉक्टरांचे आभार शेवटी, त्यांना फार आनंद झाला. मग आणखी एक रकाना होता, चूक कशी झाली. मी लिहिलं, "तिसऱ्या नळीवरील बाण उलट दिशेने काढला गेला." काबाईने वाचलं आणि विचारलं, "कोणी काढला? कधी काढला?" शब्द न् शब्द तुझे. तुमची दोघींची ओळख नाही, मी तिला त्या सकाळबद्दल काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, थोडं थांब, याचं उत्तर आधी दुसऱ्या एका व्यक्तीला द्यायचं आहे.

बघ, सवय गेली नाही, खरं ते शेवटीच आलं. ताई, बाण मी होडीत काढला नव्हता. लाल टोपणांची पिशवी मी गाडीतच विसरलो होतो, खिशात दोनच होती आणि ती पहिल्या दोन नळ्यांना संपली. तिसरीला दोन्हीकडे काळी लावली आणि म्हटलं, लक्षात राहील. चौथी-पाचवीची खालची टोकं रुमाल फाडून बांधली, तिसरीला तेवढंही केलं नाही, कारण तू ओरडत होतीस आणि मला बोलणी खायची नव्हती. मग लाटेने नळ्या गडगडल्या. किनाऱ्यावर गाडीच्या मागच्या फळीवर मी तिसरी हातात धरली, दोन्ही टोकं काळी, दोन्ही चिखलाने माखलेली, आणि अंदाजाने बाण काढला. इतर बाणांपेक्षा जाड काढला, कोणाला शंका येऊ नये म्हणून. त्याच संध्याकाळी हे सगळं माझ्या नोंदवहीत लिहिलं, कारण जे घडलं ते लिहायचं हे तूच शिकवलं होतंस. त्यानंतर ती वही मी कोणाला दाखवली नाही आणि ते पान फाडायचाही धीर झाला नाही. सोमवारी संपादकांकडून तुला एक मेल येईल, नव्या पेपरावर पहिलं नाव तुझं आहे, ते मान्य आहे की नाही असं विचारणारं. तू नाही म्हणालीस तरी पेपर जाईल, खऱ्या कारणासकट जाईल, वहीच्या पानाचे फोटो मी दिले आहेत. पण हे तुला मशीनच्या मेलमधून कळू नये, म्हणून हे पत्र. तुला त्या सकाळीच कळलं होतं, नाही का? लहानपणापासून माझं खोटं तुला माझ्या तोंडावर दिसायचं. तू सरांसमोर एवढंच म्हणायचं होतंस की नोंदवही आण. माझं तिथेच सगळं संपलं असतं आणि तुझा प्रबंध पुरा झाला असता. तू मागितली नाहीस. पत्रासोबतच्या जाड पाकिटात ती आहे, न मागता पाठवतो आहे.

तुझाच,
ढेकळ्या